पुसेवाडीची खुशाली

पुसेवाडी नकाशात सापडणार नाही. गावाचं नाव मी बदललं आहे. खरं नाव छापू नका, असं तिथं कोणी म्हणालं नाही. पण छापू का, असं विचारायचं धाडसही मला झालं नाही. एवढं सांगतो की बारामतीहून इंदापूर तालुक्यात शिरलं, कळंबला उतरलं आणि नीरेच्या अंगाला वळलं, की उसाच्या फडांतून एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या टोकाला हे गाव आहे. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात मी गेलो. मी काही फिरस्ता नव्हे. पुण्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून लोकांचा माल गावोगाव पाठवायचा, इतकाच माझा आणि प्रवासाचा संबंध. परत आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं होतं गाव?" मी "बरं होतं" म्हणालो आणि आंघोळीला गेलो. ते उत्तर पुरं नव्हतं.

जायचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं मला उगाच भला माणूस समजू नये. लग्नाआधी नाना पेठेतल्या एका खोलीत मी आणि मिलिंद असे दोघं राहायचो. तो बेकरीत कामाला. पहाटे जायचा, दुपारी भुवयांत मैदा घेऊन यायचा. माझ्याहून बराच लहान, अबोल. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, शुद्ध जायला लागली. मी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीशी माझ्यापुढं जो माणूस होता त्याला सांगत होते, रक्त द्यावं लागेल, थांबावं लागेल, औषधं बाहेरून आणावी लागतील. माझी पाळी आली. "तुमचा कोण हा?" मी म्हणालो, "कोणी नाही. रस्त्यात पडलेला दिसला म्हणून आणला."

माझी रजा शिल्लक नव्हती, हे खरं. पण कारण ते नव्हतं. हा माणूस आता आपल्या गळ्यात पडणार, याची मला भीती वाटली. काही दिवसांनी गेलो तेव्हा त्याच्या खाटेवर दुसराच कोणी होता. मिलिंदला बेवारस म्हणून नेऊन जाळलंही होतं. खोलीवर त्याची ट्रंक राहिली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव आणि गाव रंगवलेलं होतं. पुढं माझं लग्न झालं, बायकोनं त्या ट्रंकेत गहू भरले, आणि मी रोज जेवताना ते नाव वाचत राहिलो. जाऊन सांगायचं होतं ते एवढंच. त्याला इतकी वर्षं लागली.

कळंबपासून पुढं

बारामतीच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली, तोंड पोळलं. कळंबपर्यंतच्या एसटीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत जागा मिळाली. चालवणारा हणमंत, पुसेवाडीचाच.

"कुनाकडं?" त्यानं विचारलं.

"असंच. गाव बघायला."

"आमचं गाव?" त्यानं वळून माझ्याकडं नीट पाहून घेतलं. "ताजमहाल पाडून त्येच्या दगडांची घरं न्हाय बांधल्याली आमी, पाव्हणं."

दोन्ही बाजूंनी तुरे आलेला ऊस होता. तोडणी झालेल्या रानांत पाचट जाळलेलं, काळी राख, आणि तिच्यावर पांढरेशुभ्र बगळे. गाव जवळ आलं तसा हणमंत ट्रॅक्टर हळू करून म्हणाला, "पारावर पानी देतील. प्या. कुनी इचारलं, आमचा दिसला का, तर म्हनायचं, दिसला, खुशाल हाय. येवढंच. फोडनी घालायची न्हाय त्येला."

"कोण दिसला?"

"कोन का आसंना. घर सोडून गेल्याला. माजा चुलता मुंबैला गेला त्यो गेलाच. आजी मरंस्तवर इचारीत हुती. पोस्टमनला, कंडक्टरला, मतं मागाय आल्याल्यास्नी. समद्यांनी सांगितलं, खुशाल हाय. मतंवाल्यानं तर आजीला सांगितलं, तुमचं काम झालंच म्हनून समजा."

तो हसला, मीही हसलो. बातमी सांगायची कशी, याच्या नाना रचना मी पुण्यापासून करत आलो होतो. गावच जर असं असेल, तर सांगायलाच कशाला हवं, हा विचार त्या ट्रॉलीत माझ्या मनात पहिल्यांदा आला. आणि मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

पार

गावाच्या तोंडाशी मोठा लिंब आहे. त्याला दगडी पार. खुरपणीहून आलेल्या पाच-सहा बायका पाय सोडून बसल्या होत्या. आमच्या पेठेत अनोळखी माणसाला आधी 'काय काम आहे?' असं विचारतात, पाणी नंतर. इथं मी पारावर टेकतो न टेकतो तोच हातात तांब्या आला. मी घटाघटा प्यालो. बायका माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. माझ्या हातातल्या तांब्याकडं बघत होत्या. मला वाटलं, गावाकडच्या बायका, लाजत असतील.

मग एकेक जण विचारू लागली. आवाजात रडं नव्हतं, आशाही नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं.

"आमचा दिसला का वो?"

"दिसला. खुशाल आहे."

"बरं झालं." आणि ती खुरपं उचलून घरी गेली.

दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. मी सांगत गेलो. शेवटची बाई म्हातारी होती, पांढऱ्या लुगड्यातली, सडसडीत. तिनं मान वर केली आणि मी गडबडलो. मिलिंदच्याच भुवया, मधे जुळलेल्या.

"आमचा दिसला का, बाळा?"

"दिसला. खुशाल आहे." इथं थांबायचं होतं. हणमंतानं बजावलं होतं. पण त्या भुवया बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "भुवईत पीठ अडकलेलं असतं त्याच्या. हसताना तोंडावर हात धरतो."

तिचा खुरप्यावरचा हात तसाच राहिला. निघालेल्या बायका वळल्या.

"पुढचा दात तुटल्याला," म्हातारी हळू म्हणाली. "म्हून हात धरतो. आरं, तू खरंच बघितला त्येला?"

त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. मेला म्हणताही आलं असतं. मी म्हणालो, "हो."

सोनाबाईचं घर

तिचं नाव सोनाबाई. मला हाताला धरून तिनं घरी नेलं. पत्र्याचं दोन खणांचं घर, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंगणात दोरीवर एक टेरिकॉटचा शर्ट वाळत होता. घर सोडून गेलेल्याचे कपडे दर बाजाराच्या दिवशी धुवायचे, ही तिथली रीत. वाटेतल्या तीन-चार घरांपुढंही असेच एकटे शर्ट मी पाहिले होते. ह्या शर्टाची कॉलर विरली होती, घालून नव्हे, धुऊन.

"आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच देव्हारा नदीत सोडला," भाकरी थापता थापता ती सांगत होती. "नवस न्हाय, उपास न्हाय, अंगारा न्हाय. समदं सोडलं. ह्ये मातुर न्हाय सोडलं. ह्यात देव कुठाय? मानूस हाय."

बाहेरगावी असलेल्याच्या वाटणीची पहिली भाकरी पाहुण्याला वाढतात. ती मला वाढली. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, खरपूस ठेचा. इतकं चवदार जेवण मी फार थोड्या वेळा जेवलो असेन आणि इतकं अवघड कधीच नाही. मी जेवत असताना गल्लीतली माणसं येऊन दारात उभी राहिली, खरोखर बघून आलेल्या माणसाला बघायला. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली होती. तिनं गुळाचा खडा पुढं केला.

"आमचं मालकबी आसतील मग तितंच कुठंतरी?"

"असतील," मी म्हणालो. एकदा सुरुवात झाल्यावर दुसरं खोटं बोलायला काहीच त्रास होत नाही, हे मला त्या अंगणात कळलं.

सोनाबाई बोलायची थांबेना. "त्येच्या बापाशी भांडून गेला. बाप बी गेला आता. मी काय म्हंते, सुमी यील उद्या." सुमन म्हणजे तिची मुलगी, वडगाव निंबाळकरच्या शाळेत शिक्षिका. "ती आली की परवा तिगं जाऊ तुज्यासंगं पुन्याला. मी लांबनंच बघंन. अजून रागात आसंल तर बोलायची न्हाय मी. नुसतं लाडू ठिवीन आन् फिरंन माघारी."

तिनं शेंगदाणे काढून सुपात घेतले.

नीरेच्या काठी

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला म्हणून नदीवर गेलो. खरं म्हणजे सोनाबाईसमोर बसवत नव्हतं. नदीचं पाणी संथ होतं, पलीकडं सोलापूर जिल्ह्यातली शेतं धुक्यात. गणपततात्या म्हणून एक वयस्क शेतकरी बैल धूत होते. त्यांनी मला ओळखलं. गावात एव्हाना मला न ओळखणारं कोणी नव्हतं.

"काय पाव्हणं, सोनाबायला घिऊन चालला म्हनं पुन्याला?"

मी खडकावर बसून चपला काढू लागलो.

बैलाच्या पाठीवर पाणी मारत ते म्हणाले, "त्यो जित्ता हाय का?"

कोणी मला इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, तात्या."

तात्यांनी बैलाला काठावर घेतलं, झाडाला बांधलं, धोतराचा सोगा पिळला. मग माझ्याशेजारी खडकावर बसले आणि गावाचं गुपित मला सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट. प्लेगच्या साथीत बाजाराहून परतणाऱ्या एका गाडीवानानं गाडीवरूनच एका बाईला ओरडून सांगितलं, तुझा भाऊ मेला गं. ती आडावर पाणी शेंदत होती. कडेवर पोर होतं. दोघंही आडात गेली. तेव्हापासून पुसेवाडीच्या वाटेवर कोणी मरत नाही.

"मग खरी बातमी आणायची कशी?"

"पानी प्यायचं न्हाय." तात्यांनी ओंजळ करून दाखवली. "तांब्या हातात आला की लिंबाच्या बुडात वतायचा. सबूद बोलायचा न्हाय. बाया वळकत्यात. आमच्या बाया पाव्हण्याच्या तोंडाकडं बगत न्हाईत, हाताकडं बगत्यात. मग धा जनी मिळून तिला घरी नेत्यात, आन् घरात, दार लावून, मानसांत बसवून सांगत्यात. ज्येला बातमी आनायची आसती त्यो आदी कळंबात कुनाला तरी पुसतो, गावची रीत काय म्हून. तू पुसलंस?"

"नाही."

"हणमंत्याला सांगितलंस कशापायी चाललो?"

"गाव बघायला म्हणालो."

"बगितलंस मग." तात्या उठले. "पानी पिऊन बसलायस. आता वतून भागायचं न्हाय. आता तोंडानंच सांगावं लागंल. आन् आजच सांग. तिचं लाडू बांधून व्हायच्या आत."

अंगणात

दुपारच्या गाडीनं सुमन आली. चाळिशीची, चष्मा लावलेली, खांद्याला पिशवी. आईनं उंबऱ्यातच तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तिनं मला नमस्कार केला आणि तिचे डोळे भरून आले. सोनाबाई अंगणात भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं चोळत होती. तात्या येऊन ओट्यावर बसले होते. शेजारच्या बायका त्यांनीच बोलावल्या असाव्यात. एकेक करून त्या सोनाबाईच्या भोवती येऊन बसल्या. तेव्हाच तिला कळलं असेल. ती सूप पाखडत राहिली.

मी सांगितलं. ताप, रिक्षा, दवाखाना. मग खिडकीवरचं उत्तरही सांगितलं. तात्यांनाही ते सांगितलं नव्हतं.

टरफलं वाऱ्यावर उडून दोरीवरच्या शर्टावर बसत होती. सुमननं चष्मा काढला.

"म्हणजे माझा भाऊ बेवारस नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही केलात."

"हो."

"आणि इतकी वर्षं ही बाई पारावर बसून पोस्टमनला विचारत होती. मीच तिला रागवायचे. आपण शिकलो-सवरलो, सगळं सोडलं, मग हे खूळ कशाला. आणि तुमच्या घरात त्याचं नाव रंगवलेली ट्रंक होती. तिचं काय केलंत?"

"गहू ठेवतो."

कोणीतरी बाई "आई गं" म्हणाली.

"तुम्ही हलकं व्हायला आलात होय इथं?" सुमन म्हणाली. "झालात का?"

"नाही."

"मग जेवून जा," ती म्हणाली आणि आत गेली. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

सोनाबाईनं सूप खाली ठेवलं. "त्यो न्हवं," ती म्हणाली. "दुसरा कुनी आसंल ह्येचा. तोंडावर हात धरून हसनारी लै आसत्यात."

"आई, ट्रंकेवर नाव होतं," मी म्हणालो.

"ट्रंक चोरीची बी आसती." तिनं शेंगदाणे डब्यात भरले, डब्याला झाकण लावलं. "उद्या जायाचंच हाय पुन्याला."

कडेवर मूल घेतलेली कालची बाई दारात उभी होती. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. तिला मी काय सांगितलं होतं, ते मला त्या क्षणी इतकं लख्ख आठवलं, की मी तिच्यामागं चार पावलं गेलो. पण तिच्या मालकांबद्दल मला खरंही काही माहीत नव्हतं. मी परत फिरलो.

विहारात

सुमननं आणि तात्यांनी ठरवलं, उद्याच पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याचं कार्य, करायचं. लांबवलं तर सोनाबाई खरंच पुण्याच्या गाडीत बसेल. मी राहावं असं कोणी म्हणालं नाही, जावं असंही नाही. मी राहिलो.

गावातलं विहार छोटं आहे, ग्रामपंचायतीच्या मागं. सगळं गाव आलं होतं, मराठ्यांची, माळ्यांची घरंसुद्धा. आमच्याकडं अशा कार्याला भावकीचीच माणसं येतात. इथं बैल सोडून तात्या पहिल्या रांगेत बसले होते. मिलिंदचा फोटो शाळेतला, तोही घोळक्यातला, त्यातलं त्याचं तोंड करंगळीच्या नखाएवढं. त्रिशरण, पंचशील झालं. सोनाबाई बसली होती, पण शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "कुनाच्या का लेकराचं आसंना, करावं."

वंदना घेणारे गृहस्थ म्हणाले, दिवंगताबद्दल कोणी दोन शब्द बोलावे. कोणी उठेना. सोळा-सतराव्या वर्षी घर सोडलेला मुलगा. त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल गावात कोणाला काय माहीत असणार?

"त्यो बोलंल," सोनाबाई माझ्याकडं बोट करून म्हणाली.

मी उभा राहिलो. बेकरीतल्या भट्टीपुढं तो उघड्या अंगानं काम करायचा, हे सांगितलं. खारीचा चुरा कागदात बांधून आणायचा आणि गल्लीतल्या लंगड्या कुत्रीला घालायचा. ती कुत्री व्याली तेव्हा त्यानं माझी चादर तिला दिली आणि आमचं भांडण झालं. लोक थोडं हसले. भात हमखास कच्चा ठेवायचा. शीळ छान घालायचा, पण कोणी ऐकतंय असं कळलं की बंद.

"अजून सांग," सोनाबाई म्हणाली.

मी अजून सांगितलं. पावसात भिजून आला की आधी डोकं नाही, चप्पल पुसायचा. दिवाळीला मालकानं केक दिला, तो त्यानं दोरा धरून कापला.

"अजून."

मग मला काही आठवेना. एका खोलीत, एका स्टोव्हवर शिजवून खाल्लं, आणि त्याच्याबद्दल माझ्यापाशी एवढंच होतं. मी उभा होतो. सोनाबाई माझ्याकडं बघत होती, हाताकडं नाही, तोंडाकडं.

"आमची आठवन काढायचा का?"

या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं, हे त्या गावात पोराठोरांनाही ठाऊक होतं. सुमननंही मान वर केली. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की एवढं तरी द्या माझ्या आईला. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"नाही, आई," मी म्हणालो. "माझ्यापाशी कधी नाही काढली. एकदाही नाही."

सुमननं डोळे मिटून घेतले. सोनाबाई हलली नाही. मग तिची मान हळूहळू, स्वतःशीच, होकारार्थी हलायला लागली.

"न्हाईच काढायचा," ती म्हणाली. "रुसला की सबूद न्हाय निघायचा त्येच्या तोंडातनं. ल्हानपनापास्नं तसाच."

तिनं त्या घोळक्यातल्या फोटोकडं पाहिलं.

"म्हंजी त्योच," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं पदर तोंडात कोंबून रडायला लागली.